पोरगं ऐकत नाही, की त्याला ऐकू येत नाही?

सांजवात_डार्विन

परवा 'तान्ह्या बाळाच्या कानात तेल घालावं का' या धाग्यावर दीडशे प्रतिसाद पडले. त्यात मी सहज एक ओळ टाकली होती, की मी जिथे काम करते तिथे पोरांचे कान फुटणं इतकं रोजचं आहे की घरात कुणी त्याला आजार म्हणतच नाही. तिघांचे व्यनि (खाजगी निरोप) आले, सविस्तर लिही म्हणून. आज रविवार आहे, बाहेर घामट उकाडा आहे, लिहिते.

मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणारी. शिकले मुंबईत, गेली आठ वर्षं ऑस्ट्रेलियात डार्विनला आहे. महिन्यातले दहाबारा दिवस छोट्या विमानाने लांबच्या ॲबोरिजिनल, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, वस्त्यांवर जाते. सोबत एक नर्स आणि दोन पेट्या: एकीत ऐकणं मोजायचा ऑडिओमीटर आणि कानाचा पडदा हलतो का ते बघायचं यंत्र, दुसरीत टिश्यू पेपर. टिश्यू पेपरचं नंतर सांगते.

एका वस्तीवरच्या शाळेत सात वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आणला. बाईंची तक्रार: वर्गात लक्ष नाही, दंगा करतो, हाक मारली तर ढुंकून बघत नाही. कानात दुर्बीण घातली. आपला पडदा जेमतेम नऊ-दहा मिलिमीटरचा असतो. त्याच्या डाव्या कानात त्यातला निम्म्याहून जास्त भाग नव्हताच, आतलं इवलंसं हाडूक थेट दिसत होतं. उजव्या कानात पू भरलेला. तपासणीत दोन्ही कानांनी साधारण चाळीस डेसिबलचा तोटा निघाला. चाळीस म्हणजे किती? दोन्ही कानांत बोटं घट्ट खुपसा आणि मग तुमच्या मागे पंखा फिरत असताना, पाठमोरं होऊन फळ्यावर लिहिणाऱ्या बाई काय म्हणतात ते सांगा. त्यातही त्या बोलतात इंग्रजी, आणि ती त्याची तिसरी भाषा.

पोरगं दंगा करणार नाही तर काय करणार?

त्याच्या आजीला विचारलं, कान कधीपासून वाहतो? तिला प्रश्नच कळेना. सगळ्यांचेच वाहतात. तिचाही लहानपणी वाहायचा.

तिचं काही चुकत नव्हतं. २००१ साली उत्तर आणि मध्य ऑस्ट्रेलियातल्या २९ वस्त्यांवर सहा महिने ते अडीच वर्षं वयाची ७०९ मुलं तपासली होती. शंभरातल्या ९१ मुलांना मधल्या कानाचं काही ना काही निघालं. बहुतेकांच्या पडद्यामागे पाणी साठलेलं होतं, आणि शंभरात पंधरांचा कान फुटून जुनाट वाहता झालेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते असा वाहता कान शंभरात चारांहून जास्त मुलांना असेल, तर तिथे तातडीने हात घालायला हवा. चार कुठे आणि पंधरा कुठे.

मुंबईत शिकताना आम्हाला सांगायचे, कान दुखतो म्हणून मूल रडतं, आई दवाखान्यात आणते. इथे ते मूल रडतच नाही. जन्मानंतर काही आठवड्यांतच नाकाच्या मागच्या भागात जंतू ठाण मांडतात: न्यूमोकोकस, हिमोफिलस, मोराक्सेला. एकाच घरात आठदहा पोरं, एकाचं नाक दुसऱ्याला. दुखण्याआधीच कान भरतो आणि फुटतो, तोही बऱ्याचदा आवाज न करता. एक दिवस उशीवर पिवळा डाग दिसतो, तेवढंच.

नवजात बाळांची ऐकण्याची तपासणी इथे होते. तीत ही पोरं पास होतात, कारण तेव्हा कान चांगलाच असतो. बिघडतो नंतर.

मी_खडकवासला

वाचून सुन्न. वाचनखूण साठवली. ताई, एक शंका. ऑस्ट्रेलियासारख्या श्रीमंत देशात हे कसं? ऑपरेशन करून मोकळं का होत नाहीत?

चहाबाज

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तिथलं सरकार यांना घर देतं, पैसे देतं, औषध फुकट. तरी आयांना पोराचं नाक पुसता येत नाही? गरिबी आपल्याकडे काय कमी आहे?

सांजवात_डार्विन

चहाबाज, राग नाही, पण उत्तर देणार.

त्या आजीच्या घरात मी गेले आहे. तीन खोल्या, चौदा माणसं. मोरीतला नळ चालू होता, पण पाणी जायची वाट तुंबलेली, म्हणून कुणी वापरत नव्हतं. कपडे धुवायचं यंत्र बंद. दुरुस्तीचा माणूस साडेचारशे किलोमीटरवरून येतो, तोही रस्ता पाण्याखाली नसेल तर. तुम्ही चौदा जणांत एका बाळाचं नाक दिवसभर पुसत बसा आणि दर वेळी हात धुवा, मग बोलू.

आणि आया दवाखान्याला बिचकतात त्यालाही कारण आहे. या देशात जवळजवळ १९७० पर्यंत ॲबोरिजिनल मुलं सरकारी माणसांनी आईबापांपासून काढून नेली. २००८ च्या १३ फेब्रुवारीला पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. आज ज्या आज्या आहेत त्यांतल्या कित्येकींच्या बहिणी, चुलतबहिणी अशा नेल्या गेल्या. गाडीतून कुणी गळ्यात ओळखपत्र घालून उतरलं आणि म्हणालं, तुमच्या पोराकडे नीट लक्ष नाही, तर तिच्या पोटात काय होत असेल?

आपल्याकडेही वाहते कान भरपूर आहेत, हे मात्र तुमचं खरं. त्यावर कुणी डॉक्टर असतील तर लिहा.

कानामात्रा

नाशिकला ईएनटी (कान-नाक-घशाचा डॉक्टर) आहे, वीस वर्षं कान शिवतोय, म्हणून हजर. (आयडी बायकोने सुचवला, मी नाही.)

खडकवासला, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: ऑपरेशन करतात, पण आधी कोणतं ते बघा.

पडदा शाबूत आहे पण मागे डिंकासारखं पाणी साठलंय, तर पडद्याला बारीक चीर देऊन पाणी ओढून घ्यायचं आणि चिरेत ग्रॉमेट बसवायचं. म्हणजे प्लास्टिकची नळी, आकाराने मोहरीपेक्षा जराशी मोठी. तिने आत हवा जाते, पाणी साठत नाही. काम पंधरा मिनिटांचं. सहा महिने ते वर्षभरात नळी आपोआप बाहेर पडते.

पडद्याला भोक असेल तर ठिगळ लावावं लागतं. कानाच्या वर, कानशिलाचा स्नायू असतो ना, जेवताना हाताला हलताना लागतो तो, त्याच्यावर पांढरं आवरण असतं. त्याचा तुकडा काढायचा, पसरून वाळू द्यायचा. वाळला की कांद्याच्या पापुद्र्यासारखा होतो. मग भोकाच्या कडा खरवडून ताज्या करायच्या, पापुद्रा खालून सरकवायचा आणि तो खाली पडू नये म्हणून मागे विरघळणाऱ्या जेलफोमची उशी द्यायची. वरवर बघता शिंपीकाम. खरी परीक्षा पुढचे दोन-तीन महिने. तेवढ्यात सर्दी झाली, कान परत वाहिला, की ठिगळ गेलं.

म्हणून ताईंच्या भागात अडचण दुप्पट. मी एक पोर शिवून घरी पाठवतो, तर घरात सर्दीवालं एखादं भावंड असतं. त्यांचं पोर परत जातं चौदा माणसांत. शिवाय लहान वयात ठिगळ टिकण्याचं प्रमाण कमी, म्हणून बरेच सर्जन मूल सहासात वर्षांचं होईपर्यंत थांबतात. तोवर भाषा शिकायचं वय निघून गेलं. हीच या आजाराची गोची.

आपल्याकडचं थोडं. केंद्र सरकारचा बहिरेपणा प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७ च्या सुमारास सुरू झाला. कागदावर चांगला आहे. पण माझ्याकडे अजूनही पंधरा वर्षांची पोरं येतात ज्यांचा कान दुसरीपासून वाहतोय आणि ज्यात कुणीतरी लसूण तळलेलं तेल घातलंय. काहींच्या कानात हाड कुरतडणारी पिशवी वाढलेली असते, मग मामला जिवावरचा.

सांजवात_डार्विन

कानामात्रा, शिंपीकाम म्हणालात ते आमच्या टीमला सांगणार आहे.

तुम्ही सांगितलं ते टेबलावरचं. टेबलापर्यंत पोचायची गंमत मी सांगते.

त्या सात वर्षांच्या मुलाचं बघा. नर्सने कानाचे फोटो काढून डार्विनला सर्जनना पाठवले, त्यांनी फोटो बघून यादीत नाव घातलं. ही सोय छान आहे, एका फोटोने एक विमानफेरी वाचते. मग तारीख मिळायला अकरा महिने. तारीख आली आणि वस्तीत कुणीतरी वारलं. इथे मृत्यू झाला की सगळं ठप्प, नातलग शेकडो मैलांवरून येतात, कुणी कुठे जात नाही. त्याला 'सॉरी बिझनेस' म्हणतात. रद्द. दुसरी तारीख पावसाळ्यात, धावपट्टी पाण्यात. रद्द. तिसऱ्या वेळी मुलगा डार्विनला पोचला, उपाशी ठेवला, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांनी छाती तपासून सांगितलं, सर्दी आहे, आज नाही. परत विमान, परत घर. रुग्णालयाच्या कागदावर यातल्या दोन वेळा लिहिलं होतं 'पालकांनी आणले नाही'.

चौथ्या वेळी वेगळंच. सहीच्या कागदावर 'आई' लिहिलं होतं आणि सोबत आलेल्या बाईचं नाव जुळेना. इथल्या बऱ्याच भाषांत आईची बहीण ही आईच. तिला वेगळा शब्दच नाही. बापाचा भाऊ बाप. (मामा मात्र वेगळा, आपल्यासारखाच.) ती बाई शांतपणे म्हणत होती, मी आई आहे, आणि काउंटरवरचा मुलगा म्हणत होता, तुमचं नाव यात नाही. दोघंही खरं बोलत होते. शेवटी आमच्या ॲबोरिजिनल आरोग्यसेविकेने जन्मदात्या आईला फोन लावला. या सेविका नसत्या तर आम्हा बाकीच्यांच्या पदव्यांना विचारतो कोण.

चांगलंही सांगते. क्वीन्सलंडमध्ये 'डेडली इअर्स' नावाचा सरकारी उपक्रम आहे. डेडली म्हणजे जीवघेणा नव्हे, ॲबोरिजिनल इंग्रजीत त्याचा अर्थ 'जबराट'. सर्जन, भूलतज्ज्ञ, नर्सा, ऑडिओलॉजिस्ट असा सगळा ताफाच दूरच्या गावांत जातो. पोरांनी विमानात बसायच्या ऐवजी डॉक्टर बसतात. आणि न्यूकॅसलला डॉ. केल्विन काँग आहेत, वोरिमी समाजाचे, ऑस्ट्रेलियातले पहिले ॲबोरिजिनल सर्जन. तेही कान-नाक-घशाचेच. त्यांच्या जुळ्या बहिणीही डॉक्टर.

रेणू_पर्थ

आमच्या वेस्टर्न ऑस्ट्रेलियातली एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते. जिगलाँग आणि बुरिंगुरा या दोन आडवस्त्यांवर २००० साली पोहण्याचे तलाव बांधले. शाळेत आलात तरच तलावात उतरायचं, असा नियम. दीड वर्षाने तपासलं तर त्वचेचे फोड धडाधड कमी झालेले आणि जिगलाँगमध्ये पडद्याला भोक असलेल्या मुलांचं प्रमाण ३२ टक्क्यांवरून १३ वर आलेलं. सगळी औषधं एकीकडे आणि क्लोरीनचं पाणी एकीकडे.

कानामात्रा

थांबा, थांबा. फुटक्या कानात पाणी जाऊ देऊ नका, हे आम्ही रोज शंभर वेळा सांगतो आणि तुम्ही तलावात उडी मारायला लावता?

सांजवात_डार्विन

डॉक्टरसाहेब, माझी पहिली प्रतिक्रिया हीच होती. रेणू, तो अभ्यास खरा आहे. पण पुढे नॉर्दर्न टेरिटरीत, म्हणजे आमच्या डार्विनच्या प्रांतात, वाहते कान असलेल्या मुलांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले, एका गटाला महिनाभर नियमित पोहायला लावलं आणि दुसऱ्याला नाही. २०१३ साली निकाल छापला: कान वाहण्यात लक्षणीय फरक नाही. बरं झालं नाही, बिघडलंही नाही. मला विचाराल तर तलाव हवाच. पंचेचाळीस अंशात पोरांनी दुसरं करायचं काय? फक्त त्याला औषध म्हणू नका.

लसीचंही थोडं तसंच झालं. न्यूमोकोकसची लस २००१ पासून आधी इथल्या ॲबोरिजिनल मुलांना दिली, बाकीच्या देशाला २००५ मध्ये. जीवघेणे आजार कमी झाले. कानांनी मात्र अपेक्षेइतकी दाद दिली नाही.

शब्दवेडा

ताई, थोडं अवांतर चालेल? अनेक ॲबोरिजिनल भाषांत आपल्यासारखे ट, ण, ळ आहेत. इंग्रजीवाले त्यांना 'आरएल', 'आरएन' असं दोन अक्षरांत लिहितात. तिथल्या एका लोकसमूहाचं नाव आपण वर्तमानपत्रात 'वार्लपिरी' छापतो, तो उच्चार खरा 'वाळ्पिरी'. मध्य ऑस्ट्रेलियातले काही लोक स्वतःला 'अणङु' म्हणतात, त्यातला ण अस्सल आपला. देवनागरीत या भाषा रोमनपेक्षा नीटस लिहिता येतील.

मुद्दा असा की या भाषांत स, श, फ बहुतेक नाहीत, क-ग, ट-ड असा घोष-अघोष फरकही सहसा नाही. उलट जिभेच्या जागा मात्र भरपूर, नुसते अनुनासिकच चारपाच. ॲडलेडचे ध्वनितज्ज्ञ अँड्र्यू बुचर यांनी मांडलं होतं, की फुटलेल्या कानाला जे आवाज ऐकू येत नाहीत नेमके तेच या भाषांत गायब आहेत, आणि जे येतात ते भरघोस. पिढ्यान्‌पिढ्या वाहणाऱ्या कानांनी भाषा घडवली असेल का?

सांजवात_डार्विन

अवांतर कसलं, धाग्यातलं सर्वांत मस्त हेच. मी ळ म्हणते तेव्हा वस्तीवरच्या बायका खूश होतात. माझ्यासोबतच्या गोऱ्या नर्सला आठ वर्षांत तो जमलेला नाही.

बुचर यांच्या गृहीतकाबद्दल मी साशंक आहे. भाषा हजारो वर्षांच्या. आणि हा आजार इतका बोकाळला तो माणसं मिशन आणि सरकारी वस्त्यांत दाटीने राहायला लागल्यावर, असं मानणारे बरेच आहेत. पण एक भाग रोज बघते. घरी आपल्या भाषेत पोर बऱ्यापैकी निभावून नेतं. शाळेत इंग्रजीतले स आणि श आले की घसरतं. शिवाय वाळ्पिरी आणि योल्ङू लोकांची हातांची भाषा आहे, शोकाच्या किंवा शिकारीच्या वेळी सगळेच वापरतात. म्हणून घरी त्याचं कमी ऐकणं उठून दिसत नाही. तोटा मोठा होतो तो वर्गात.

आणि वर्गानंतर. डार्विन आणि ॲलिस स्प्रिंग्जच्या तुरुंगांत ॲबोरिजिनल कैद्यांचे कान तपासले होते, दहातल्या नऊहून जास्त जणांना ऐकण्याचा लक्षणीय दोष निघाला. पोलिसाने थांब म्हटलं आणि थांबला नाही. न्यायाधीशाने विचारलं आणि 'हो' म्हणून मोकळा झाला. यापुढे मी लिहीत नाही, चिडचिड होते.

मी_खडकवासला

मग नेमकं चालतं काय? आणि टिश्यू पेपरचं राहिलं.

सांजवात_डार्विन

हां, टिश्यू.

वाहत्या कानावर पहिला उपाय म्हणजे तो कोरडा करणं. पू असताना औषधाचा थेंब आत पोचतच नाही. टिश्यूचा चौकोन घ्यायचा, कोपऱ्यापासून तिरका पीळ देत टोकदार वात करायची. कान हलकेच वर-मागे ओढून वात आत सरकवायची, वीस-तीस सेकंद धरायची, काढायची, टाकायची, दुसरी. वात कोरडी बाहेर येईपर्यंत. मग सिप्रोफ्लॉक्सॅसिनचे थेंब, आणि कानासमोरचा कूर्चेचा तुकडा दाबून पंप केल्यासारखं करायचं. ॲबोरिजिनल समाजाच्या स्वतःच्या दवाखान्यांनी २००३ मध्ये चाचणी छापली होती: या थेंबांनी सुमारे ७६ टक्के मुलांचं वाहणं थांबलं, जुन्या थेंबांनी ५२. हे दिवसातून दोनदा, पू थांबेपर्यंत, कधी कधी कित्येक आठवडे. कंटाळवाणं काम आहे.

पहिल्यांदा मला नर्सने वात वळायला शिकवली तेव्हा हसूच आलं. आजीबरोबर चातुर्मासात कापसाच्या हजार वाती वळल्यात मी. आयडी उगीच नाही. इथल्या त्या आजीला दाखवली तर तिने मांडीवर टिश्यू ठेवून तळव्याने एका फटक्यात वळली, माझ्यापेक्षा घट्ट. केसांची दोरी अशीच वळतात म्हणाली.

दुसरं, शाळेत बाईंच्या गळ्यात माइक आणि वर्गात चार स्पीकर. अख्ख्या वर्गाला फायदा, कुणा एकाला वेगळं बसवायला नको. ऑपरेशन होईपर्यंत हाडावाटे आवाज पोचवणारं यंत्र डोक्याच्या पट्ट्यावर लावता येतं. पट्टा फुटबॉल संघाच्या रंगाचा मिळाला तर पोरं काढत नाहीत.

सहा वर्षांखालच्या मुलांसाठी हिअरिंग ऑस्ट्रेलिया ही सरकारी संस्था आता शाळेची वाट न बघता पाळणाघरांत जाऊन तपासते. उशिराचं शहाणपण, पण आहे.

रेणू_पर्थ

त्या मुलाचं पुढे काय झालं?

सांजवात_डार्विन

चौथ्या खेपेला झालं ऑपरेशन, डाव्या कानाचं. ठिगळ धरलं. उजव्याचं अजून बाकी, मे महिन्यात रस्ते सुकले की. मध्यंतरी शाळेत गेले तर बाई म्हणाल्या, आता वेगळीच तक्रार आहे, मागच्या बाकावरची कुजबुज ऐकून येऊन सांगतो. दंगा तेवढाच आहे.

चहाबाज

सगळं वाचलं. नाक पुसण्याचं मी लिहिलं ते मागे घेतो. चौदा माणसं आणि तुंबलेली मोरी हे डोक्यात नव्हतं. पण त्या जुन्या धाग्यातला प्रश्न तसाच राहिला की. आमच्या घरी नात आलीय, आई मोहरीचं तेल कोमट करून बसलीय. घालायचं का नाही?

सांजवात_डार्विन

नका घालू. पडद्याला भोक असलं तर ते बाहेरून दिसत नाही.

कानामात्रा

+१. आणि लसूण तर अजिबात नको.

चहाबाज

आईला सांगितलं. म्हणाली, तुझ्या कानात घातलं होतं, तुला काय झालं? बायको म्हणाली, तरीच.